उतारशाळा आणि रिकामे घर

(शास्त्रपाठ : लूक १०:३०-३७ व ११:२४-२६)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. शब्बाथशाळेत विचारले असता मुले सांगतात की, याजक आला आणि बाजूने निघून गेला, लेवी आला आणि तोही निघून गेला. परंतु परक्या जातीचा तो शोमरोनी थांबला आणि त्याने घायाळाच्या जखमा बांधल्या. येथे मुले थांबतात, आणि पुष्कळदा आपण उपदेशकही येथेच थांबतो. परंतु प्रभूने दाखला येथे संपविला नाही. शोमरोन्याने त्या माणसास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर स्वतः त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेविली, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तो फेडीन असे वचन दिले. जखम बांधण्यास घटकाभर पुरे होते. बरे होण्यास मात्र छप्पर, अंथरूण, अन्न, राखणदार, पैसा आणि पुष्कळ दिवस लागतात, हे प्रभूस पक्के ठाऊक होते.

ह्या उतारशाळेविषयी आज आम्हांस आपणांशी बोलावयाचे आहे. आपल्या घरी किंवा शेजारी दारूने लुटलेला आणि अर्धमेला होऊन पडलेला मनुष्य असतो. त्याचे काय करावे, असे आपण आम्हांस वारंवार विचारता. कोणी म्हणतो शपथ घालावी, कोणी म्हणतो मंडळीतून काढावे, कोणी म्हणतो औषध चारावे, कोणी म्हणतो केवळ प्रार्थना करावी. आमचे उत्तर असे की, मनुष्य हा शरीर, मन, आत्मा, कुटुंब आणि कामधंदा मिळून एक आहे. दारूने हे सर्व लुटले आहे, म्हणून उपचारही ह्या सर्वांचा व्हावा लागतो. आणि असा उपचार बहुधा घरी होत नाही. त्यास उतारशाळा लागते.

आधी आपलाच मुलूख पाहू. शहापुराहून मुरबाडच्या बाजूस निघाले की सापगावापाशी भातसा नदी लागते. ह्याच नदीचे पाणी वरच्या अंगास धरणात अडवून मुंबईच्या लाखो लोकांस पाजले जाते. आपल्या तालुक्याचे पाणी शहराची तहान भागविते. आणि आपल्या पाड्यांतील कित्येक माणसांची तहान मात्र पाण्याने भागत नाही. फाल्गुन सरला की रानातील मोहाची झाडे फुलतात. देवाने ते झाड वाईट केलेले नाही. त्याच्या फुलांनी दुष्काळाच्या दिवसांत गरिबांची पोटे भरली, आणि त्याच्या बियांच्या तेलाने घरातील दिवे जळले. परंतु तेच फूल आंबवून भट्टीवर चढविले की त्यापासून घर उजाड करणारी वस्तू निघते.

हे नवे नाही. इ. स. १८९२ साली तेव्हाच्या सरकारने ठाणे व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी खास कायदा केला, आणि फुले गोळा करण्यावर व साठविण्यावर निर्बंध घातले. त्यात लोकांच्या कल्याणापेक्षा सरकारच्या अबकारी उत्पन्नाची काळजी अधिक होती. पुढे १९४९ साली मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा आला. कायदे आले, पोलीस आले, भट्ट्या फुटल्या. तरी पिणारा राहिला. कायदा नसावा असे आम्ही म्हणत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली; अशी विक्री करणारा मोकळा सुटू नये. परंतु कायदा दारू दाराबाहेर ठेवू शकतो. माणसाच्या आत जी पोकळी आहे ती भरणे त्याच्या हाती नाही.

वीटभट्टीवर जाणारे आपले बंधू हे चांगले जाणतात. दिवाळी आटोपली की बयाणा हाती पडतो, कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते, आणि पाऊस लागेपर्यंत आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढते. खर्ची मिळते बाजाराच्या दिवशी. पाठ मोडून गेलेली, अंग दुखणारे, उद्याची आशा नाही. अशा माणसाच्या वाटेवर बाजारापूर्वी गुत्ता येतो. तांदूळ घ्यावयाचा पैसा तेथेच राहतो, आणि अंगावरची उचल पुढल्या वर्षावर जाते. दारूने कर्ज वाढते आणि कर्जाच्या दुःखाने दारू वाढते. हा यरीहोचा रस्ता आहे, आणि ह्या रस्त्यावर लुटारू एक नव्हे, अनेक आहेत.

आता पहिला मुद्दा. दारू पिणे हे पाप की रोग, असा वाद आपल्या मंडळ्यांत फार चालतो. आम्ही म्हणतो, शोमरोन्याने असा वाद घातला नाही. त्या धोक्याच्या वाटेने तू एकटा का निघालास, असे त्याने घायाळास विचारले नाही. पहिला प्याला मनुष्य आपल्या हाताने उचलतो, हे खरे. पिऊन त्याने बायकोवर हात उगारला, तर त्याचा जाब त्यास द्यावा लागेल, हेही खरे. परंतु काही काळाने त्याचे शरीर व मेंदू असे पालटतात की, प्यावे की न प्यावे हे ठरविण्याची शक्तीच खचते. अमेरिकेतील वैद्यांच्या मुख्य संघाने १९५६ सालीच ह्या व्यसनास आजार म्हणून मान्यता दिली. आज जगभरचे वैद्यकशास्त्र तसेच मानते. क्षयरोग्यास आपण शपथ घालीत नाही. मग ह्या रोग्यास केवळ शपथेवर सोडून, ती मोडली म्हणजे त्यास खोटारडा का म्हणावे? पश्चात्ताप हवाच, पण पश्चात्ताप करण्याइतके बळ अंगी यावे म्हणून आधी त्यास उचलून जनावरावर बसवावे लागते.

येथे शरीराविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ह्यांच्या अज्ञानाने जीव जातात.

एक ही की, वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात कापणे, घाम, झोप उडणे, आकडी येणे, नसते ते दिसणे व भ्रम होणे असे प्रकार होतात, आणि त्यात मृत्यूही ओढवतो. पुष्कळ घरी ह्यास भूतबाधा समजतात व भगताकडे नेतात. काही ख्रिस्ती घरी त्यास सैतानाचा झटका समजून दार लावून घेतात. बंधूंनो, तो रोग आहे, आणि त्यास औषधे आहेत. अशा माणसास दारू सोडावयाची असेल तर वैद्याच्या देखरेखीखाली सोडू द्यावी. त्याच्या शरीरात जीवनसत्त्वांचाही, विशेषेकरून ‘ब-१’ ह्याचा, मोठा तुटवडा असतो. तो भरून काढावा लागतो.

दुसरी ही की, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नकळत जेवणात औषध कालवून दारू सोडवितो, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. दारूची शिसारी आणणारे एक औषध १९४८ साली डेन्मार्कात प्रसिद्धीस आले. ते खरे औषध आहे आणि वैद्य ते आजही देतात. परंतु ते रोग्यास पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने व त्याची प्रकृती तपासूनच द्यावयाचे असते. न सांगता दिले आणि तो वर दारू प्यायला, तर जिवावर बेतते. शिवाय जे प्रेम चोरून औषध देते त्यावरचा विश्वास उडतो, आणि विश्वासावाचून हा रोग बरा होत नाही.

वैद्याकडे जाणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे कोणी म्हणेल, तर त्याने आठवावे की हा दाखला आपल्यासाठी ज्याने लिहून ठेविला तो लूक स्वतः वैद्य होता.

दुसरा मुद्दा असा की, घरचे घर असता उतारशाळा कशासाठी? ह्याचे कारण, घायाळास रस्त्यावरून उचलल्याविना त्याची जखम भरत नाही. गुत्त्याची वाट, सोबतीची माणसे, सावकाराचा तगादा, घरातील रोजचे भांडण ह्यांपासून काही काळ दूर, वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि समदुःखी माणसांची संगत असेल, तरच मन जागेवर येते. आपल्या महाराष्ट्रात अशी घरे आहेत, आणि ती कशी चालतात हे आपणांस माहीत असावे.

पुण्यात येरवडा येथे १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेव्हा गर्द नावाच्या विषाने शहरांतील तरुण पोरे मरत होती. डॉ. अनिल अवचट ह्यांनी त्यांविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी एक लाख रुपयांची देणगी पुढे केली, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनी, ज्यांस सर्वजण सुनंदा म्हणत, काम अंगावर घेतले. १९९७ साली त्या निवर्तल्या. त्यांचे काम चालू राहिले. तेथे रोगी सुमारे पस्तीस दिवस राहतो. आरंभी शरीरातील विष उतरविण्यास वैद्यकीय उपचार होतात; मग योगासने, गाणी, श्रमाची कामे, एकमेकांपुढे मन मोकळे करण्याच्या सभा, आणि समुपदेशकाशी एकांतात बोलणे. रोग्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा मेळावा चालतो, कारण रोग एकास झाला तरी आजारी सारे घर असते. २००९ पासून स्त्री-रोग्यांसाठीही निराळी सोय आहे. आणि विशेष हे की, तेथे काळजी घेणाऱ्यांत पुष्कळजण पूर्वी स्वतः रोगी होते. ज्याच्या जखमा तेथे बांधल्या गेल्या, तोच पुढे दुसऱ्याच्या जखमा बांधावयास थांबला.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्याही आधी, १९८१ साली, रोमन कॅथलिक धर्मगुरू फादर जोसेफ परेरा ह्यांनी ‘कृपा’ नावाचे काम आरंभिले. पुढे वसईतही त्याचे घर झाले. आपण व ते उपासनेच्या रीतीत भिन्न असलो, तरी ह्या कामात त्यांजकडून शिकण्यास आम्हांस लाज वाटत नाही. दाखल्यातील शोमरोनीही यहूद्यांच्या पंथाचा नव्हता. फादर परेरा हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे शिष्य. शरीर सावरले की मन सावरण्यास मदत होते, हे जाणून त्यांनी आसने व श्वासाचे नियमन ह्यांस मद्यमुक्तीच्या बारा पायऱ्यांची जोड दिली. तेथे सर्व धर्मांची माणसे एका पंक्तीस बसतात.

ह्या बारा पायऱ्या कोठून आल्या? १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक दलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांस भेटले. दलालास कळून आले होते की, एकटे राहिलो तर आपण पिऊ. दुसऱ्या एका पिणाऱ्याशी बोलत बसलो तर आजचा दिवस निभावेल. ह्या एका गोष्टीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संगत जन्मास आली. आपण शक्तिहीन आहो हे कबूल करणे, आपणांहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःस देणे, आपल्या दोषांची झडती घेणे, ते एका माणसापुढे बोलून दाखविणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, आणि दुसऱ्या रोग्यास हात देणे, हा तिचा मार्ग. ज्या मंडळीत पापकबुली, क्षमा आणि जक्कयाची चौपट फेड शिकविली जाते, तीस ह्यात परके काय आहे?

आणि आपल्या लोकांस तर उतारशाळेची परंपरा आहे. केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारिले ते व्यसनी लोकांसाठी नव्हते. दुष्काळाने व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी व मुलींसाठी ते होते. परंतु त्यांनी केवळ अन्न दिले नाही, केवळ उपदेश केला नाही. शाळा होती, शेत होते, विणकाम होते, छापखाना होता आणि प्रार्थना होती. संपूर्ण माणूस उभा करावयाचा तर त्यास संपूर्ण घर लागते, हे त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वीच करून दाखविले.

तथापि प्रत्येक उतारशाळा चांगली नसते. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी, साखळीने बांधणारी ठिकाणेही असतात. गरसेकरांच्या प्रदेशातील त्या भूतग्रस्तास लोकांनी पुष्कळदा बेड्या व साखळ्या घातल्या होत्या. त्याने तो बरा झाला नाही. प्रभूने त्याचे नाव विचारले, तेव्हा बरे होण्यास आरंभ झाला. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व अमली पदार्थांच्या सेवनाने होणारे विकार येतात, आणि त्या कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे सर्वथा मना आहे. म्हणून आपला माणूस कोठे नेण्यापूर्वी तेथे वैद्य आहे काय, नातलगांस भेटू देतात काय, आणि तेथून बरे होऊन आलेले लोक काय सांगतात, हे उपदेशकाने स्वतः जाऊन पाहावे. काहीच माहिती नसेल, तर १४४४६ ह्या क्रमांकावर सरकारची फुकट मदतवाहिनी आहे; तेथे विचारावे.

आता तिसरा मुद्दा. आणि ज्यासाठी आम्ही हे सारे लिहावयास घेतले तो हाच. दाखल्यानंतरच्या अध्यायात प्रभू एका घराविषयी बोलतो. अशुद्ध आत्मा घर सोडून गेला. घर झाडले गेले, नीट लावले गेले. मग तो फिरून आला, आणि आपणांहून वाईट असे सात सोबती घेऊन आत शिरला; त्या माणसाची शेवटली दशा पहिलीहून वाईट झाली. हे का व्हावे? घर घाण होते म्हणून नव्हे. ते तर झाडलेले होते. त्यात कोणी राहत नव्हते, म्हणून.

उतारशाळा घर झाडून देते. पस्तीस दिवसांत किंवा काही महिन्यांत शरीरातील विष जाते, डोळे स्वच्छ होतात, हात कापावयाचे थांबतात. मग तो मनुष्य पिशवी घेऊन गावच्या फाट्यावर उतरतो. त्याची संध्याकाळ पूर्वी दारूने भरलेली होती. आता ती रिकामी आहे. त्याचे सोबती दारूचे होते. आता सोबती नाहीत. त्याची लाज दारूने झाकली जात होती; आता ती उघडी आहे. ह्या रिकाम्या घरात राहावयास कोण जाणार? येथे उतारशाळेचे काम संपते आणि मंडळीचे सुरू होते.

बंधुभगिनींनो, आम्ही हे उपदेश म्हणून नव्हे, तर आपली चूक कबूल करण्यासाठी लिहीत आहो. काही वर्षांपूर्वी आमच्यातील एक गवंडी असा बरा होऊन परत आला. त्यास पाठविताना आम्ही वर्गणी काढिली होती, प्रार्थनासभा घेतली होती, आणि आमचे कर्तव्य झाले असे मानून निश्चिंत होतो. तो आला त्या रविवारी सतरंजीच्या शेवटी बसला. त्याच्या शेजारची माणसे थोडी सरकली. उपासना सुटल्यावर दारात एकाने हसत विचारिले, “आता किती दिवस टिकणार?” आम्ही ते ऐकिले आणि गप्प राहिलो. त्याची थापी व ओळंबा पूर्वीच गहाण पडले होते. ते सोडविण्यास थोडे पैसे लागत होते, परंतु हा पैसे पिऊन टाकील ह्या भीतीने कोणी दिले नाहीत. ह्याच भीतीने कोणी कामही दिले नाही. वैशाखात एका हळदीच्या रात्री, तेही ख्रिस्ती घरी, पाहुण्यांचा मान म्हणून त्याच्या हाती प्याला ठेविला गेला. त्याने दोनदा नको म्हटले. तिसऱ्याने त्यास हिणविले, तेव्हा त्याने तो घेतला.

त्या पावसाळ्यात आम्ही त्यास मातीआड केले. सांत्वनास गेलो तेव्हा त्याची बायको रडली नाही. ती म्हणाली, “तिकडं त्यांच्याशी बोलाया माणसं होती. हितं आल्यावर कुनी नव्हतं.”

आम्ही त्याच्यासाठी दोन नाणी दिली होती. परत येईन, असे मात्र आम्ही कोणासही म्हटले नव्हते.

म्हणून मंडळ्यांस आमची विनंती आहे ती अशी.

जो मनुष्य उतारशाळेत आहे त्यास तेथे असतानाच भेटावयास जा. तो परत येईल त्या दिवशी फाट्यावर कोणीतरी उभा असावा. पहिल्या वर्षासाठी मंडळीतील दोन-तीन समंजस माणसे त्यास नेमून द्या. बाजाराच्या दिवशी व खर्चीच्या संध्याकाळी त्यांतील एकजण त्याच्या ओट्यावर जाऊन बसो. फार बोलावे लागत नाही. चहा घ्यावा, शेतीचे बोलावे, दिवा लावण्याची वेळ टळू द्यावी. पुष्कळदा तेवढाच काळ कठीण असतो.

त्यास काम द्या. मजुरी त्याच्या हाती देण्याची भीती वाटत असेल, तर त्याच्याशी उघड बोलून, त्याच्या संमतीने ती बायकोच्या हाती द्या; परंतु कामावाचून ठेवू नका. त्याची हत्यारे गहाण असतील तर ती सोडवून आणा. पैसे देण्यापेक्षा थापी देणे बरे, आणि थापी देऊन शिवाय बांधावयास भिंत देणे त्याहून बरे.

आपल्या लग्नांत, हळदीत, शिमग्याच्या व गटारीच्या दिवसांत ख्रिस्ती घरी दारू नसावी. पिणारा दुबळा आहे म्हणून नव्हे, तर आपण त्याचे भाऊ आहो म्हणून. प्रेषित पौलाने आपल्या भावास अडखळण होऊ नये म्हणून मांसही न खाण्याचा निश्चय केला. आपणांस एक रात्र दारूवाचून काढणे इतके का जड जावे?

प्रभुभोजनाच्या प्याल्याचाही विचार करा. जेथे आंबविलेला द्राक्षारस वापरीत असतील तेथे बिनआंबविलेला रस ठेवावा. हे नवे मत नाही. अमेरिकेतील थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ साली, प्रभूच्या मेजावर मादक द्रव्य असू नये एवढ्याच हेतूने, द्राक्षांचा रस न आंबता टिकविण्याची रीत काढिली. ज्या मेजावर आपण त्या माणसास जीवनाकरिता बोलावितो, तेथे त्याच्या मरणाची चव असू नये.

घरच्या बायामाणसांस आम्ही निराळे सांगतो. ताई, त्याची दारू तुझ्या नशिबाने किंवा तुझ्या चुकीने आलेली नाही. त्याचे कर्ज चोरून फेडणे, त्याच्यासाठी मुकादमाशी खोटे बोलणे, ह्याने तो वाचत नाही. क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. तुझ्या व मुलांच्या जिवास धोका असेल तर तू सुरक्षित ठिकाणी जा. मंडळीने तुला जागा दिली पाहिजे, आणि २००५ च्या कायद्याने तुला संरक्षणही आहे. तुझेही मन जखमी आहे. तेही बांधले गेले पाहिजे.

उपदेशक बंधूंनो, आपणांस एक कठीण गोष्ट सांगतो. तो पुन्हा पडेल असा संभव आहे. पुष्कळजण एकदा, दोनदा, अधिक वेळाही पडतात, आणि तरीही शेवटी उभे राहतात. तो पडला त्या दिवशी व्यासपीठावरून त्याचे उदाहरण देऊ नका. पेत्राने तीनदा नाकारिले. प्रभूने त्यास सभेत उभे केले नाही, तर पहाटे समुद्राच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून आधी खावयास घातले, आणि मग विचारिले. त्याच क्रमाने वागा. शोमरोन्याने ‘अधिक खर्च झाला तर’ म्हटले, कारण अधिक खर्च होईल हे त्यास ठाऊक होते. दोन नाण्यांत काम भागेल असे ज्यास वाटते, त्याने हे काम हाती घेऊ नये; आणि ते भागणार नाही हे जाणूनही जो घेतो, त्यास प्रभू एकटा सोडणार नाही.

आणि ज्याच्या हाती आज प्याला आहे असा कोणी ही ओळ वाचीत असेल, किंवा कोणी त्यास ती वाचून दाखवीत असेल, तर दादा, तुला आम्ही शपथ घालीत नाही. जन्मभराचे वचन आज मागत नाही. जे बरे झाले ते सांगतात की, त्यांनी एका वेळी एकच दिवस धरिला. रानात इस्राएल लोकांसही मान्ना दिवसापुरताच मिळत असे. उद्याचा साठवू गेले तो नासला. तू आज एकच कर : कोणातरी एका माणसास खरे सांग. उपदेशकास सांग, डॉक्टरास सांग, बायकोस सांग. रस्त्यावर पडलेला मनुष्य आपल्या पायांनी उतारशाळेत गेला नाही. त्याने फक्त स्वतःस उचलू दिले. तेवढे तू करू शकतोस.

सापगावच्या पाण्याकाठी, शहापुरात, मुरबाडात, पाड्यापाड्यांवर आपल्या मंडळ्या लहान आहेत. कित्येकींस नीट इमारत नाही. एखाद्याच्या पडवीत उपासना होते. आपणांस निवासी घर बांधता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या घरातून परत येणाऱ्याच्या झाडलेल्या रिकाम्या घरात जाऊन बसण्यास इमारत लागत नाही. एक सतरंजी लागते, आणि तीवर कोणी शेजारून सरकणार नाही एवढे लागते.

हे दयाळू पित्या, जे रस्त्यावर पडले आहेत त्यांस उचलण्याचे बळ आम्हांस दे. जे त्यांची काळजी घेतात त्या वैद्यांस व सेवकांस धीर दे. आणि जो परत आला होता व ज्यास आम्ही राखिले नाही, त्याच्याविषयी आम्हांस क्षमा कर. त्याच्या मागून जे येत आहेत त्यांच्या वाटेकडे आमचे डोळे लागलेले असू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.